सहादूकाकांचं वेड

पितराच्या दिवशी वकील घरी बोलावू नये, एवढं साधं शहाणपण तृप्तीलाही होतं. पण मुंबईच्या लष्करी न्यायाधिकरणात पुढच्या आठवड्यात कागद द्यायचे होते, आणि ज्यांच्या सह्या हव्यात ती सगळी माणसं एका जागी सापडतील असा दिवस वर्षात हा एकच, सासऱ्यांच्या पितराचा. एरवी थोरले दीर कारभारी द्राक्षबागेत, त्यांचा मुलगा रुद्र नाशिकच्या फेऱ्यांत, आणि सासूबाई बयाबाई कुणावर ना कुणावर रुसून देवासमोर. म्हणून कढीला उकळी फुटलेली आणि वडे तळायला घेतलेले असताना तेजस्विनी मॅडमची स्कूटर अंगणात येऊन थांबली. जाऊबाईंनी झारा कढईच्या काठावर आपटला. तृप्तीने तो आवाज ऐकला नाही, निदान तसं दाखवलं तरी.

मॅडम देवळाली कॅम्पच्या. वडील फौजेत होते, नवराही फौजेतलाच; जवानांच्या अपंगत्व पेन्शनीचे दावे आणि अपिलं सोडून त्या दुसरं काम घेत नसत. रेनकोट काढून त्यांनी खुंटीला लावला, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला नमस्कार केला आणि विचारलं, "हे कोण?"

"हे आज पितर म्हणून जेवायला बसणार आहेत. भाऊकीतले आहेत," तृप्ती म्हणाली.

म्हाताऱ्याने मान हलवली. सकाळपासून उपाशी होता बिचारा, पण कान शाबूत होते, आणि या घरात आज काय शिजतंय ते कढीच्या वासापलीकडचंही त्याला कळत होतं. कारभारींनी पुढचं दार हळूच लोटून घेतलं.

"मॅडम, जरा हळू आवाजात," ते म्हणाले. "गाव बारीक हाय."

सोफ्यावर मॅडम, समोर खुर्चीत कारभारी, त्यांच्या मागे भिंतीला टेकून रुद्र, आणि खाली जाजमावर बयाबाई. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो वाल्मीक, तृप्तीचा नवरा, मागच्या खोलीत होता. ती खोली म्हणजे जुना गोठा. स्लॅबचं घर झालं तेव्हा गोठ्याला फरशी घातली, रंग दिला, पण भिंतीतली गुरं बांधायची कडी तशीच राहिली. वाल्मीक रात्री ओरडतो, पोरांची झोपमोड होते, म्हणून त्याची खाट तिकडे हलवली होती. तृप्तीही तिथेच झोपायची. ओरडला की त्याचे हात धरून ठेवायचे, कारण तो झोपेत जमीन उकरायचा. एकदा नखं निघेपर्यंत उकरली होती.

"मी थोडक्यात सांगते," मॅडम म्हणाल्या. "वाल्मीकभाऊ भरती झाले तेव्हा लष्कराच्याच डॉक्टरांनी त्यांना तपासून निरोगी ठरवलं. बर्फातल्या चौकीवर त्यांचे सोबती गाडले गेले, यांनी हातांनी बर्फ उपसला, आणि त्यानंतर आजार सुरू झाला. कायदा आपल्या बाजूचा आहे. धडधाकट माणूस घेतला आणि आजारी परत पाठवला, तर तो आजार नोकरीतच लागला असं धरायचं. तसं नाही, हे सरकारने दाखवायचं."

"मग दोन्ही अपिलं का फेटाळली?" रुद्रने विचारलं. हुशार पोरगा. शेतकी कॉलेजात शिकलेला, सातबारा तोंडपाठ असलेला.

"एका वाक्यामुळे. मेडिकल बोर्डाने लिहिलंय, रुग्णाच्या चुलत्याला वेड होतं, असं रुग्णाच्या भावाने सांगितलं. म्हणजे आजार घराण्यात, रक्तात. नोकरीचा संबंध नाही."

कारभारींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मीच सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "मॅडम, त्यानं खाणावळीत हवालदाराला मारलं व्हतं. मला वाटलं आता ह्याला जेलात टाकतील, कोर्ट मार्शल करतील. मोठा साहेब समोर बसलेला, मला इंग्रजी येईना, हिंदी धड येईना. मी हात जोडले. म्हणलं, साहेब, ह्याचा दोष नाय, आमच्या घरातच हाय हे, आमचा काका पण येडा व्हता. माफ करा. एवढंच. भावाला वाचवायला गेलो मी."

आणि ते खरं होतं. तृप्तीला कारभारींचा कितीही राग आला तरी एवढं ती नाकारू शकत नव्हती. मोठ्या माणसासमोर आपल्या घरालाच नावं ठेवून घ्यायची, म्हणजे त्याला दया येते, हीच रीत त्यांना ठाऊक. सावकारासमोर, फौजदारासमोर, तलाठ्यासमोर त्यांचे वाडवडील असेच हात जोडून उभे राहिले होते. फक्त या वेळी समोरचा साहेब डॉक्टर होता आणि त्याने ते लिहून घेतलं.

"ते मला समजतं, दादा," मॅडम मऊपणाने म्हणाल्या. "म्हणूनच आता तुम्ही प्रतिज्ञापत्र करायचं. भीतीपोटी बोललो, काका मनोरुग्ण नव्हते, त्यांच्यावर कुठे उपचार झाले नाहीत. आणि आईंनीही तसंच सांगायचं, कारण त्यांनी काकांना जवळून पाहिलंय. खरं असेल तरच हं. सहादूकाका खरंच वेडे होते का?"

"नाय," कारभारी म्हणाले. इतक्या पटकन, की तेच दचकले. "म्हणजे... तापट व्हता. येडा नाय म्हणता येणार."

तृप्तीच्या छातीवरचं ओझं जरासं हललं. इतकी वर्षं सैनिक कल्याणच्या कार्यालयात बाकावर बसून, उलट टपाली नकार वाचून, तिला एकच गोष्ट खात होती. पैशाचं एक वेळ निभावलं असतं. वाल्मीकची तुटपुंजी पेन्शन होती, ती स्वतः सातपूरच्या कारखान्यात पॅकिंगला जात होती. पण रक्तात आहे म्हणून लिहिलं होतं. तिच्या दोन्ही लेकरांच्या रक्तात. धाकटा जरा चिडला की जाऊबाई म्हणायच्या, "गेला बापावर." ते कागदावरून पुसलं गेलं पाहिजे होतं.

"पप्पा, एक मिनिट," रुद्र म्हणाला.

तो पुढे आला आणि खुर्चीच्या हातावर बसला. आवाज त्याचा अगदी नम्र होता.

"मॅडम, हे प्रतिज्ञापत्र कोर्टात जाणार. म्हणजे कुणालाही त्याची नक्कल मिळेल ना?"

"अर्ज केला तर मिळू शकते."

"पप्पा, चिमणाआजीचा भाचा गेल्या महिन्यात तलाठ्याकडे आला होता. जुने फेरफार काढायला."

चिमणाबाई म्हणजे सहादूकाकांची बायको. पेठच्या वरच्या अंगाची, डोंगरातल्या कोळ्यांची मुलगी. सहादूकाका भाताच्या कामाला तिकडे गेले आणि तिला लग्न करून घेऊन आले. तिथून भांडण पेटलं. त्यांनी अर्धी जमीन वाटून मागितली, आणि थोरल्या भावाने, म्हणजे तृप्तीच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, त्यांना वेडा ठरवून टाकलं. वेड्याचं लग्न लग्न नाही, वेड्याला वाटा नाही, असं पंचांसमोर बोललं गेलं. काका गेले तेव्हा सातबाऱ्यावर चिमणाबाईचं नाव लागलं नाही, गाठोडं घेऊन तिला माहेरी डोंगरात परतावं लागलं. त्या अर्ध्या जमिनीवर आता बाग उभी होती. आप्पांचा पितर दरवर्षी जेवत होता. सहादूकाकांच्या नावाने या घरात कधी पान वाढलं गेलं नव्हतं.

"काका शहाणे होते असं तुम्ही शपथेवर लिहून दिलं," रुद्र म्हणाला, "की ती म्हणणार, मग माझ्या नवऱ्याला वेडा म्हणून का काढलं? आपलीच सही आपल्याच गळ्यात. बागेवर बँकेचा बोजा आहे, पप्पा. स्टे आला तर छाटणीसुद्धा करता येणार नाही."

"तसं होईल का, मॅडम?" कारभारींनी विचारलं.

मॅडम खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तृप्तीला नंतर कितीदा तरी वाटणार होतं.

"मी जमिनीचे खटले चालवत नाही," त्या म्हणाल्या. "पण होणारच नाही असं मी सांगू शकत नाही."

कारभारींनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. नीट बसवली. तृप्तीला त्या क्षणी कळलं की सही गेली.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही आत्ता म्हणालात ना, येडा नव्हता म्हणून?"

"तापट व्हता म्हणलो."

"दादा, तुमच्या भावाचं आयुष्य आहे हे."

"आणि ही माझी लेकरं न्हाईत का?" कारभारींचा आवाज चढला आणि ओट्यावरच्या म्हाताऱ्याच्या आठवणीने पुन्हा खाली आला. "वाल्मीकला मी काय कमी करतो? दवाखान्याला गाडी कोण काढतं? त्याच्या वाट्याची बाग कोण बघतं? त्याला काय कळतं बागेतलं?"

"त्याच्या वाट्याची ना?" तृप्ती म्हणाली. "तो वाटा कागदावर कधी निघणार, दादा?"

रुद्र हसला. वाईट नव्हता तो पोरगा, काकूला लहानपणापासून जीव लावलेला. पण तो हसला. "काकू, काकांची सही तरी चालेल का वाटणीला? उगाच काहीतरी."

तेव्हा तृप्तीच्या पायाखालची जमीन सरकली. आजवर ती चिमणाबाईचं नाव दुसऱ्या कुणाच्या दुर्दैवासारखं ऐकत आली होती. आज तिला दिसलं की ती जागा रिकामी नाही, त्या जागेवर आता तिला बसवलं जातंय. वेड्याची बायको. गोठ्यात खाट. उद्या वाल्मीकचं काही झालं की डोक्यावर गाठोडं आणि सातपूरची वाट. ती भ्याली, आणि भ्याली म्हणून तिला स्वतःची लाजही वाटली.

"आई," ती जाजमावर सासूजवळ जाऊन बसली. "आई, तुम्ही सांगा. संक्रांतीला तीळ निवडताना तुम्ही मला काय म्हणाला होता?"

बयाबाईंनी वर पाहिलं नाही. संक्रांतीला त्या म्हणाल्या होत्या, "सहादू भावजींइतका शहाणा माणूस या घरात नव्हता गं. माझ्या भाकरीला चांगलं म्हणणारा तेवढा एकच." म्हणताना डोळे पुसले होते. तृप्तीने ते वाक्य जपून ठेवलं होतं, आज याच वेळेसाठी.

"आजी," मॅडम सोफ्यावरून उठून त्यांच्यासमोर खाली बसल्या, "दोघेही तुमचेच मुलगे आहेत. मला फक्त खरं हवंय. तुमचे दीर कसे होते?"

म्हातारीने थोरल्याकडे पाहिलं, मग रुद्रकडे, मग मागच्या दाराकडे. हातातली जपमाळ त्यांनी मुठीत आवळली.

"येडा व्हता," त्या म्हणाल्या.

"आई!"

"व्हता म्हणते ना! रातचा उठून पळायचा. कपडे फाडायचा. लिवा बाई, येडा व्हता." आणि मग तृप्तीकडे वळून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "एकाचा तरी संसार राहू दे गं. वाल्मीकचं काय... तो तर कवाच गेला माझा."

"कुठं गेलो, आई?"

वाल्मीक मागच्या दारात उभा होता. आंघोळ केलेला, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट पँटीत खोचलेला. पितराचा दिवस म्हणून स्वतःहून तयार झाला होता. किती वेळ उभा होता देव जाणे.

तो आत आला आणि मॅडमपुढे सरळ उभा राहिला.

"जय हिंद, मॅडम. मी सांगतो. लिहून घ्या."

"वाल्मीक, तू आत जा," कारभारी म्हणाले.

"दादा, जमिनीच्या मोजणीच्या दिवशी तू नव्हतास. तू मालेगावला बैल विकायला गेला व्हतास. मी व्हतो." त्याचा आवाज सपाट होता, हजेरी देताना असतो तसा. "मी तिसरीत व्हतो. शाळेतून आलो. मोजणीवाले आले म्हणून आप्पांनी काकाला गोठ्यात कडीला बांधलं व्हतं, बैलाच्या दाव्यानं. काका वरडत व्हता. माझा वाटा द्या, मला सोडा, मी काय गुन्हा केला. मोजणीवाला विचारायला लागला, तर आप्पा म्हणले, येडा हाय, तुम्ही चालू द्या. काकानं मला पाणी मागितलं. मी तांब्या नेला. त्याचे हात बांधलेले, म्हणून मी तोंडाला लावला, तर निम्मं सांडलं. तर काका मला म्हणाला, दप्तर बाजूला ठेव आधी, पुस्तकं भिजतील." तो थांबला. "येडा माणूस दुसऱ्याच्या पुस्तकांचं बघतो का, मॅडम?"

स्वयंपाकघरात जाऊबाईंचा झारा थांबला होता. रुद्र जमिनीकडे पाहत होता. बयाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि त्यांची पाठ हलत होती. झालं, तृप्तीला वाटलं, देवा, सुटलं एकदाचं. नवऱ्याबद्दल इतका अभिमान तिला लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता.

मग तिचं लक्ष मॅडमच्या हाताकडे गेलं. पेन उघडं होतं, पण त्या लिहीत नव्हत्या.

"वाल्मीकभाऊ," मॅडम म्हणाल्या, "तुमची सही मला चालणार नाही."

"का, मॅडम?"

"एक तर अर्जदार तुम्हीच. आणि..." फौजीच्या मुलीला फौजीसमोर हे बोलावं लागत होतं. "तुमच्या आजाराच्या कागदात लिहिलंय की रुग्णाला न घडलेल्या गोष्टी दिसतात. समोरचा वकील तेवढं वाचून दाखवेल आणि खाली बसेल. मला पटलंय तुमचं. एकूण एक शब्द पटलाय. पण तिथं टिकणार नाही."

वाल्मीकने ते ऐकून घेतलं. समजायला त्याला थोडा वेळ लागला, किंवा समजलं होतं आणि पचायला वेळ लागला.

"ठीक हाय, मॅडम," तो म्हणाला. "काकाचं पण असंच झालं. तो खरंच बोलत व्हता, पण बांधलेला व्हता ना."

तो वळला आणि आल्या दाराने परत गेला. पाठ ताठ ठेवून.

कारभारी उठले. त्यांचे डोळे लाल झाले होते. या माणसाला रडू येत होतं आणि तरी तो सही करणार नव्हता, दोन्ही खरं होतं. "पानं घ्या," ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले. "म्हातारबाबा ताटकळलेत. मॅडम, तुम्ही पण जेवूनच जा."

मॅडमनी फाईल बंद केली. "मी उरलेल्या मुद्द्यांवर लढेन," त्या तृप्तीला म्हणाल्या. "अगदीच आशा नाही असं नाही. पण काकांसोबत राहिलेलं माणूस बोललं असतं, तर गोष्ट वेगळी होती."

"आहे तसं माणूस," तृप्ती म्हणाली. "मॅडम, पेठच्या वरच्या रस्त्याला तुमची स्कूटर चढेल ना?"

खोलीतल्या सगळ्यांना कळलं. रुद्र म्हणाला, "काकू, वेड्यासारखं करू नका." म्हणून झाल्यावर त्याने जीभ चावली.

"तृप्ती," कारभारी म्हणाले, "त्या बाईच्या दारात गेलीस तर या घराशी तुझा संबंध राह्यचा नाय. मी सांगून ठेवतो."

"माझा संबंध मागच्या गोठ्याशी आहे, दादा," ती म्हणाली. "लेकरं शाळेतून आली की जेवू घाला. सांज व्हायच्या आत येते मी त्यांना आणि त्यांच्या बापाला न्यायला."

तिने चपला घातल्या. बाहेर भुरभुर सुरू होती. ओट्यावरच्या म्हाताऱ्याने पाय आखडून वाट दिली आणि तोंड दुसरीकडे वळवलं. मॅडम स्कूटर वळवत होत्या, तेवढ्यात मागून बयाबाई आल्या. अनवाणी, भिंतीचा आधार घेत. त्यांनी तृप्तीचा दंड धरला. म्हातारीच्या पकडीत एवढा जोर असेल असं कधी वाटलं नव्हतं.

"पोरी, जाऊ नको. ती तोंड उघडायची नाय."

"विचारून तर बघते."

"तुला ठावं नाय. तिला आप्पांनी नाय हाकललं. मी हाकललं. तिचं गाठोडं मी फेकलं या अंगणात. जाताना ती म्हणली, बया, तू सांग गं सगळ्यांला, तुला तर ठावं हाय तो कसा व्हता. मी दार लावून घेतलं." बयाबाईंच्या ओठांवरून पाणी ओघळत होतं, पावसाचं की डोळ्यांचं कळत नव्हतं. "मी जिती हाय तवर ती या घरासाठी बोलायची नाय. तू असं कर. तिला सांग, बयाबाई मेली. मेली म्हणून सांग. मग येईल ती."

तृप्ती बघतच राहिली. सही करण्यापेक्षा या बाईला मरण सोपं वाटत होतं. तिला सासूची दया आली, आणि त्या दयेने तिचा राग जराही कमी झाला नाही.

तिने दंडावरचा हात सोडवला.

"नाही, आई," ती म्हणाली. "तुम्ही जिवंत आहात, हेच मला तिला सांगावं लागेल. आणि आजही तिनं विचारलं असतं, तर तुम्ही दार लावून घेतलं असतं, हेही."

ती स्कूटरवर मागे बसली. मॅडमनी एकदा आरशातून अंगणाकडे पाहिलं आणि गाडी रस्त्याला लावली.